नव्या घरात जागा कोणाला?

पोळा नुकताच होऊन गेला होता. २०२५ सालच्या ऑगस्टमधील तो चौथा रविवार. संध्याकाळी प्रवरेच्या अंगाने फेरफटका मारून आम्ही बेलापुरात परतत होतो, तोच आमच्या ओळखीच्या ख्रिस्ती घरांतील पाच-सहा तरुण एका ओट्यावर मोबाइलभोवती दाटीवाटीने बसलेले दिसले. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात एव्हर्टन नावाचा एक जुना फुटबॉल क्लब आहे. त्याच्या नव्या स्टेडियमवर त्या दिवशी लीगचा पहिला सामना चालला होता. या तरुणांपैकी एकाची थोरली बहीण त्या शहरात परिचारिका आहे. त्यामुळे तो एव्हर्टनचा चाहता, आणि त्याच्या नादाने बाकीचेही.

सामना एव्हर्टनने दोन विरुद्ध शून्य असा जिंकला. पण पोरांचा वाद काही मिटेना. एक म्हणत होता, "काय देखणं बांधलंय! नदीकाठी, गोदीच्या जागेवर. बावन्न हजारांच्या वर माणसं बसतात." दुसरा म्हणाला, "देखणं आहे, पण आपलं मैदान ते नाही. आपलं मैदान गुडिसन पार्क." समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या मैदानाला तो 'आपलं' म्हणतो याचे आम्हांला हसू आले. तेवढ्यात तिसऱ्याने आमच्याकडे वळून विचारले, "काका, तुम्हीच सांगा. मैदान नेमकं कुणाचं असतं? पैसे घालणाऱ्याचं, की वर्षानुवर्षं येणाऱ्याचं?"

आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते. "अरे, आम्ही कबड्डी आणि कुस्तीच्या पिढीचे," असे काहीतरी बोलून आम्ही घरी आलो. परंतु प्रश्न पाठ सोडीना. कारण तो फुटबॉलपुरता नव्हता. देऊळ असो, चर्च असो, शाळा असो वा तालीम. माणसे मिळून जे घर उभारतात, ते घर कोणाचे, असा तो प्रश्न होता. वाचकांपुढे त्याचा थोडा विचार मांडावा असे वाटल्यावरून हा लेख.

प्रथम त्या दुसऱ्या मुलाची बाजू पाहू. गुडिसन पार्कवर एव्हर्टनचा संघ १८९२ पासून २०२५ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे १३३ वर्षे खेळला. मैदानाच्या एका कोपऱ्याला, प्रेक्षकांच्या सज्जांना अगदी खेटून, संत लूकचे चर्च उभे आहे. क्लबाची मुळेही प्रार्थनामंदिरातच आहेत. सेंट डोमिंगो नावाच्या मेथडिस्ट मंदिरातील तरुणांनी १८७८ साली हा संघ काढला आणि पुढच्याच वर्षी आपल्या वस्तीचे एव्हर्टन हे नाव त्याला दिले. गुडिसनच्या हिरवळीच्या कडेला शेकडो दिवंगत चाहत्यांची रक्षा पुरलेली आहे. आता जागा उरली नाही म्हणून २००४ साली क्लबाला ही प्रथा थांबवावी लागली. ज्या जमिनीत आपले वडील विसावले आहेत, ती जमीन केवळ जुनी झाली म्हणून सोडून जाणे सोपे नाही. आपल्याकडे सणाला कबरस्थानात जाऊन मेणबत्ती लावणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे क्लबाने एक गोष्ट बरी केली. गुडिसन पाडून टाकण्याचा आधीचा बेत सोडून ते मैदान आपल्या महिला संघाला दिले. ज्या घरातून थोरले निघाले, त्या घरात मुलींचा खेळ सुरू झाला. जुन्या वास्तूचा मान राखण्याची ही रीत आम्हांला मनापासून आवडली.

आता पहिल्या मुलाची बाजू. तीही खोटी नाही. गुडिसनवर कित्येक आसनांपुढे खांब येत. पैसे मोजूनही अर्धे मैदान दिसत नसे. हे झाले गैरसोयीचे. पण जुनेपणाचा मोह जीवावरही बेततो. इंग्लंडमधीलच ब्रॅडफर्ड येथे ११ मे १९८५ रोजी लाकडी सज्जाला आग लागली आणि ५६ माणसे दगावली. तो सज्जा लवकरच पाडून नवा बांधावयाचा होता. चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूल संघाचा सामना पाहावयास गेलेली ९७ माणसे त्या दुर्घटनेत प्राणास मुकली. प्रथम दोष चाहत्यांच्याच माथी मारण्यात आला. त्यांचा त्यात दोष नव्हता, हे चौकशीच्या ज्यूरीने मान्य करावयास २०१६ साल उजाडले. घराची डागडुजी न करता त्याच्या आठवणींचे गोडवे गाणे हे प्रेम नव्हे. आतल्या माणसांचा जीव सुरक्षित राहावा म्हणून नवे बांधणे, हे प्रेमाचेच काम आहे.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येकास बसावयास आसन असावे अशी शिफारस केली. उभ्याने सामना पाहण्याची दाटीची जागा गेली, सुरक्षितता आली. परंतु त्याबरोबर तिकिटांचे दरही चढत गेले. आसनांसाठी दर फार वाढवावे लागतील असे टेलर यांना वाटत नव्हते. तरी ते वाढले. जो गोदी-कामगार खिशातल्या चिल्लरीवर मुलाला खांद्यावर घेऊन मैदानात उभा राही, त्याच्या नातवाला आता सामना पडद्यावर पाहावा लागतो. माणसांना वाचविण्यासाठी घर सुधारले आणि त्यांतली काही माणसे घराबाहेर पडली. कोणी दुष्टपणे केले असेही नाही. हळूहळू, हिशेबाने हिशेबाने घडत गेले. आपल्या जीवनातील बरेचसे अन्याय असेच घडतात, असे आमचे निरीक्षण आहे.

या ठिकाणी स्कॉटलंडमधील एका क्लबाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या कॅथलिक घरातलीच आहे. ग्लासगो शहराच्या पूर्व भागात आयर्लंडहून आलेली गरीब कुटुंबे राहत. मुले उपाशीपोटी शाळेत येत. मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड तेथे शिक्षक होते. या मुलांना जेवण मिळावे म्हणून त्यांनी अन्नछत्र चालविले होते. पण पैसा पुरेना. फुटबॉल पाहावयास लोक पैसे देतात हे त्यांच्या ध्यानी आले. मग सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहात ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेल्टिक क्लबाची स्थापना झाली. हेतू एकच, मुलांच्या ताटात भाकर पडावी. मैदानही लोकांनी स्वतः राबून तयार केले. दिवसभर मजुरी करून आलेली माणसे संध्याकाळी येथे माती ओढीत.

संघ जिंकू लागला, गर्दी वाढली, आणि जमिनीच्या मालकाने वर्षाचे भाडे ५० पौंडांवरून ४५० पौंडांवर नेले. तेव्हा क्लबाने जवळच विटांच्या भट्टीची पाण्याने भरलेली खाचरी जागा घेतली, ती भरून काढली आणि १८९२ साली नवे मैदान उभे केले. आयर्लंडमधील शेतकऱ्यांचे पुढारी मायकल डेव्हिट यांनी तेथे आयर्लंडहून आणलेल्या हिरवळीचा तुकडा बसविला. त्या नव्या मैदानाला चाहते 'पॅराडाइज', म्हणजे नंदनवन, म्हणू लागले.

त्याच वर्षी ब्रदर वॉलफ्रिड यांची बदली लंडनला झाली. मैदानासाठी कर्ज झाले, खर्च वाढला, क्लबात धंद्याची भाषा बोलली जाऊ लागली. १८९७ साली क्लब ही मर्यादित कंपनी झाली, भागधारकांना लाभांश मिळू लागला, आणि ज्या अन्नछत्रासाठी हा सारा खटाटोप आरंभला होता त्याला नेमाने जाणारा पैसा आटला. नंदनवन उभे राहिले, पण उपाशी मूल दाराबाहेरच राहिले. पुढे अनेक वर्षांनी क्लबाने दानधर्माची परंपरा पुन्हा जिवंत केली आणि २००५ साली मैदानासमोर ब्रदर वॉलफ्रिड यांचा पुतळाही बसविला. हे योग्यच झाले. तरीही मनात येते, की त्या साध्या ब्रदरांना विचारले असते तर त्यांनी पुतळा मागितला असता, की एक ताट?

हे सारे परदेशातले झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्या मुंबईकडे वळू. खेळ येथे क्रिकेटचा असला, तरी प्रश्न तोच आहे. चर्चगेटजवळ समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली बांधून झाले. मुंबईत तेव्हा जातीधर्मांनुसार संघ पाडून सामने होत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. त्याच वर्षी त्यांत पाचव्या संघाची भर पडली. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि आणखी काही समाज मिळून झालेल्या या संघाचे नाव होते 'द रेस्ट', म्हणजे इतर. आणि नव्या स्टेडियमच्या त्या पहिल्याच वर्षी हिंदू संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. कारण कोणते? नव्या स्टेडियममधील आसनांची वाटणी! घर बांधून होते न होते तोच, कोणाला किती जागा यावरून एक भाऊ रुसून बसला.

त्याच ब्रेबॉर्नवर १९४३ साली अंतिम सामन्यात हिंदूंनी डोंगराएवढी धावसंख्या रचली. विजय मर्चंट २५० धावा करून नाबाद राहिले. 'इतर' संघ हरणार हे स्पष्ट होते. तेव्हा सांगलीच्या विजय हजारे या मराठी ख्रिस्ती तरुणाने संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. दुसऱ्या टोकास त्यांचे बंधू विवेक होते. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. सामना 'इतरां'नी गमावला. पण त्या मैदानाच्या आठवणींत तो डाव आजही आहे. ज्यांना 'इतर' म्हणून शेवटी बोलावले, त्यांनीच घराला मोठेपण दिले.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांना आणखी एक नाव ओळखीचे वाटेल: पळवणकर बाळू. चर्मकार समाजातील हा गोलंदाज आपल्या काळी हिंदुस्थानातील श्रेष्ठ गोलंदाजांत गणला जाई. पुण्यात हिंदू संघातून खेळताना चेंडू त्याच्या हातून सर्वांनी घेतला. पण चहाच्या वेळी संघातले इतर आत चिनीमातीच्या कपात चहा पीत, तेव्हा बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानावर जागा होती, मांडवाखाली नव्हती. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी हा अनुभव गावाच्या पाणवठ्यावर घेतलेला आहे. म्हणून 'जागा' हा शब्द आपल्या कानांना नुसता बांधकामाचा वाटत नाही.

ब्रेबॉर्नवरील आसनांचा तंटा पुढेही शमला नाही. क्लबाने आपल्याला पुरेशी तिकिटे द्यावीत असे मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे म्हणणे होते. बोलणी फिसकटली, तेव्हा बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने अगदी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइड यांनी द्विशतक पूर्ण करताच एक प्रेक्षक त्यांचे अभिनंदन करावयास मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि प्रेक्षक खवळले; दंगल झाली. प्रतिपक्षाच्या खेळाडूला शाबासकी देऊ पाहणारा एक सामान्य माणूस, आणि नव्या घराचे त्याला मिळालेले हे स्वागत! तो माणूस आपल्या घरात असल्यासारखा धावला होता. व्यवस्थेच्या लेखी मात्र तो परका होता.

आणि नावांचे पाहा. एका स्टेडियमला गव्हर्नराचे नाव, दुसऱ्याला पुढाऱ्याचे. लिव्हरपूलच्या नव्या स्टेडियमला तर मोबदला देणाऱ्या एका वकिली कंपनीचे नाव आहे. त्या बांधकामावर २०२३ साली सव्वीस वर्षांचा एक कामगार अपघातात मरण पावला. तो एव्हर्टनचाच चाहता होता. आपल्या आवडत्या क्लबाचे घर स्वतःच्या हातांनी बांधताना तो गेला. चाहत्यांनी त्याची आठवण जपली आहे, हे त्यांच्या माणुसकीला शोभणारे आहे. वास्तूच्या माथ्यावर नाव कोणाचे झळकावे, हे पैसा ठरवितो. वास्तू कोणाची, हे मात्र पैशाला ठरविता येत नाही.

याचे एक उदाहरण आमच्या दारातच आहे. बेलापूर कंपनीचा हरेगावचा साखर कारखाना एके काळी या भागाचा श्वास होता. भोंगा झाला की घरोघरी चुली पेटत. कंपनी गेली, कारखाना बंद पडला. भांडवल जेथे नफा दिसला तेथे निघून गेले. पण त्याच हरेगावी दरवर्षी सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या यात्रेस लोटणारी गर्दी आटलेली नाही. मुंबई-पुण्याहून, मराठवाड्यातून, कधी ख्रिस्ती तर कधी अन्यधर्मीयही येतात, मोकळ्या जागेत पथारी पसरतात, नवस फेडतात आणि परततात. त्यांपैकी कोणापाशी त्या जमिनीचा उतारा नाही. तरी हरेगाव त्यांचे नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? मालकी कागदावर असते. आपलेपण पायवाटेने तयार होते.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यावे? 'नवे बांधू नका' हे उत्तर नव्हे; ब्रॅडफर्डची आग ते देऊ देत नाही. 'जुने ते गेले, विसरा' हेही उत्तर नव्हे. गुडिसनच्या हिरवळीखालची माणसे ते देऊ देत नाहीत. आमच्या मते खरी कसोटी अशी की, जुन्या घरात जो सर्वांत मागे उभा राहत असे, त्याला नव्या घरात जागा आहे का? असेल तर ते त्याच लोकांचे घर, मग भिंती बदलोत, गाव बदलो. नसेल तर नाव तेच, झेंडा तोच असला तरी ते दुसऱ्या कोणाचे तरी घर झाले. नाव आणि ठिकाण यांची ताटातूट होऊ शकते, हे बेलापूरकरांना कोणी सांगावयास नको. 'बेलापूर' नावाच्या स्टेशनावर उतरावे, तर समोर दिसते ते श्रीरामपूर!

हे लिहिताना आम्ही न्यायाधीशाच्या आसनावर बसलो आहोत असा समज कृपया होऊ नये. एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका गावी जुने, मातीच्या भिंतींचे चर्च पाडून नवे बांधण्यात आले. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. बांधकाम समितीत आम्हीही होतो. जुन्या चर्चमध्ये दाराजवळ, जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटावर एक म्हातारबाबा बसत. पायांनी अधू होते. मिस्सा सुरू होण्याआधी तासभर येत आणि लहान मुलांना क्रुसाची खूण करावयास शिकवीत. नव्या चर्चला आम्ही सुरेख फरशी केली, दात्यांची नावे कोरलेले बाक आणले, पुढे रुंद सात पायऱ्या केल्या. उद्घाटनाला बाहेरगावचे पाहुणे आले, हार-तुरे झाले, छायाचित्रे निघाली. जेवणाच्या पंगतीत कोणीतरी विचारले, "बाबा दिसत नाहीत?" ते पायऱ्यांच्या खाली, बाभळीच्या सावलीत बसले होते. आतला आवाज तेथून ऐकू येत होता. "बरं ऐकू येतंय इथून," ते म्हणाले. तक्रार केली नाही. पुढे दोन-तीन रविवार आले, मग यावयाचे थांबले. पायऱ्यांशेजारी एक उतार करावा हे समितीतील अकरा जणांपैकी एकालाही सुचले नव्हते. खर्चाचा प्रश्न नव्हता. दात्यांच्या पाटीला त्याहून अधिक खर्च आला होता. बाबा वारले, त्यानंतर उतार झाला. आजही त्या उतारावरून चालताना आमची मान खाली जाते.

प्रभू येशू मंदिरात बसून दानपेटीकडे पाहत होता, तेव्हा त्याची नजर दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेवर स्थिरावली. लगेच पुढे शिष्य मंदिराच्या भव्य दगडांचे कौतुक करू लागले, आणि त्या दगडांचे काय होणार हे त्याने त्यांना सांगितले. शुभवर्तमानात हे दोन्ही प्रसंग लागोपाठ यावेत, यात आम्हांला फार मोठा अर्थ दिसतो. एकाच वास्तूत शिष्यांना दगड दिसले, त्याला ती बाई दिसली.

पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा भेटला. आम्ही त्याला म्हटले, "बाळा, मैदान कोणाचे हे सामन्याच्या दिवशी आत बघून कळत नाही. दाराबाहेर कोण उभे राहिले आहे, ते बघावे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ताई म्हणत होती, तिथलं तिकीट तिलाही परवडत नाही. ती वॉर्डातल्या टीव्हीवर रुग्णांबरोबर सामना बघते."

त्या वॉर्डाचे चित्र आमच्या मनातून जात नाही. आपल्या गावापासून हजारो मैल दूर एक मराठी मुलगी, शेजारी खाटांवरचे आजारी म्हातारे, आणि भिंतीवरच्या पडद्यात नदीकाठचे ते नवे मैदान. त्या म्हाताऱ्यांतील एखाद्याने तरुणपणी गुडिसनवर उभ्याने सामने पाहिले असतील. नव्या मैदानात त्याला आसन मिळाले नाही. पण त्याची उशी नीट करणारे कोणीतरी शेजारी बसले आहे. आपल्या धर्मग्रामांत यापुढे जेथे जेथे कुदळ पडेल, कोनशिला बसेल, तेथे नकाशा पसरण्यापूर्वी एवढेच विचारावे, की आपल्यातला सर्वांत मागे बसणारा कोण, आणि तो आत कसा येणार?